बर्फाच्या पठाराची उंची

सायंकाळी सूर्य कलला की नांगरलेल्या शेतातील लहानशी सरीही ठळक दिसू लागते. सूर्याकडील अंग उजळते, पलीकडचे काळवंडते. भर दुपारी तेच शेत सपाट भासते. ग्रीनलंडच्या हिमस्तराचा नकाशा तयार करताना शास्त्रज्ञांनी हाच साधा अनुभव कामी आणला.

ग्रीनलंडचा सुमारे चार-पंचमांश भाग बर्फाखाली असून मध्यभागी त्याची उंची समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक आहे. तेथे साखळी व दुर्बीण घेऊन मोजणीदार किती फिरणार? उतार तर इतका मंद, की उभ्या माणसाला तो जाणवतही नाही. तथापि बर्फ सरकतो तो या उताराच्याच दिशेने. म्हणून कोठला बर्फ कोणत्या किनाऱ्यावर समुद्रास मिळणार, हे जाणण्यासाठी उंचीचा नकाशा हवा.

१९९१ साली युरोपने सोडलेल्या ईआरएस-१ या उपग्रहावर रडार होते. रडारचा स्पंद खाली जाऊन परतण्यास लागलेल्या वेळावरून उंची कळे. परंतु ती उपग्रहाच्या मार्गरेषेपुरतीच. दोन रेषांमधील प्रदेश कोराच राही. तो भरून काढण्यास हवामान-उपग्रहांची चित्रे उपयोगी पडली. कोरडे हिम बहुतेक सर्वत्र सारखेच शुभ्र असते; म्हणून चित्रातील कमीअधिक उजेड हा उताराचा परिणाम मानता येतो. उजेडावरून उतार काढावयाचा आणि उतारांची बेरीज करीत उंची गाठावयाची, अशी ही रीत होय. बेरजेबरोबर चूकही साठत जाते, म्हणून रडारच्या आकड्यांशी ती वारंवार ताडून पाहावी लागते. शिवाय सूर्यकिरणांना आडवा असलेला उतार चित्रात उमटत नाही. त्याकरिता निरनिराळ्या दिशांनी ऊन पडले असतानाची चित्रे लागतात. ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा, ही अडचण वेगळीच!

२०१८ साली अमेरिकेने सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रह सेकंदाला १०,००० लेसर-स्पंद पाठवून उंची मोजतो.

ग्रीनलंडचा सर्व बर्फ वितळल्यास जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे ७ मीटरने चढेल. गोव्यातील खाजन जमिनी भरतीच्या पाण्यापासून बांधांनीच राखलेल्या आहेत; तेथील शेतकऱ्यास हा आकडा परका नाही. मात्र पृष्ठभाग खाली गेला म्हणजे तितका बर्फ वितळलाच, असे समजू नये. भुसभुशीत हिम दबून घट्ट झाले तरीही उंची घटते. त्यामुळे उंचीतील फरकावरून बर्फाचे वजन काढण्यापूर्वी हिमाच्या घनतेचाही हिशेब करावा लागतो.