परत येणाऱ्याला मारू नये

चि. ओंकार,


तुझा करवान कुत्रा सोसायटीच्या गेटमधून निसटून मारुंजी-हिंजवडी रस्त्यावर गेला, हाका मारूनही आला नाही आणि आपण होऊन परतला तेव्हा तू त्याला पट्ट्यानं बडवलंस, असं ताई म्हणाली. त्या रस्त्यावरचे डंपर आणि सिमेंटचे मिक्सर डोळ्यांसमोर आले की माझाही जीव उडतो. तुझा राग भीतीपोटीच होता, हे कळतं. पण मार मिळाला कशाला? शिक्षा चिकटते ती लगेच आधीच्या कृतीला, आणि ती होती तुझ्याजवळ येणं. पाव्हलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. अन्न येण्याच्या खुणेनंच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्याच कामातून त्याच्या ध्यानात आलं. तुझी हाकही अशीच एक खूण. तिच्यामागून फिरणं संपतं, साखळी येते, आंघोळ येते, आता मारही येतो. तू त्याला बेशिस्त म्हणतोस. मला तर त्याचा हिशेब चोख वाटतो. आपल्या घरात उशिरा आलेल्या पोराला दारातच झोडपायची रीत होती. त्यानं पोरं लवकर यायला लागली का, हे थोरल्या मामाला विचार. आमच्या पिढीला हे फार उशिरा उमगलं.

तू म्हणशील, घरात तर लगेच येतो, मग बाहेर हा माजच ना? नाही रे. हॉलमध्ये तुझ्या हाकेला स्पर्धाच नाही. करवान, मुधोळ ही नजरेनं शिकार हेरणारी जात. पळतं काही दिसलं की कान मागे पडतात. टपाल खात्यानं २००५ साली मुधोळला तिकिटावर बसवलं, ते काही आज्ञाधारकपणासाठी नव्हे. म्हणून आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग दहा मीटरची दोरी बांधून मोकळ्या मैदानात शिकव. जुनी हाक नासली आहे, तेव्हा शिट्टी वापर. घरातल्या सगळ्यांनी तीच. आला की उकडलेली कलेजी दे आणि बहुतेक वेळा पुन्हा खेळायला सोड. हे सोडणंच सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. ही लाच नव्हे. लाच आधी दाखवतात, हा काम झाल्यावरचा पगार. निसटलाच तर मागे धावू नकोस, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेला पळ. तोवर पट्टा सोडायचा नाही. जनावर निष्काळजीपणे सोडल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिने कैद किंवा पाच हजार दंड होऊ शकतो, पण मला दंडाची नाही, त्या रस्त्याची धास्ती आहे.

ताईवर चिडू नकोस. तिनं चहाडी केली नाही, तिला झोप लागत नव्हती. कुत्रा दोन दिवस तुझ्यापासून लांब बसला तर त्याला ओढून आणू नकोस. तू जमिनीवर बस, हात मोकळे ठेव. आणि तूही जेवत जा वेळेवर. रविवारी फोन कर, उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
धाकटा मामा