फोटो माझा, वेबसाइट त्यांची

प्रश्न : मी काढलेला रायगडाचा फोटो एका पर्यटन कंपनीने न विचारता वेबसाइटवर टाकला. मी नोंदणी केलेली नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढताच हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. (कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क त्याचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे फार उशिरा कळते.) आधी त्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, नोटीस पोचली की पान गायब होते. कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. मग वकिलामार्फत नोटीस द्या, भरपाई मागा. ‘खाली तुमचे नाव दिले होते’ हा बचाव नव्हे. कंपनी दिल्लीची असली, तरी दावा तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या न्यायालयात दाखल करता येतो.