अर्जावर सही करण्याआधी

चि. मुग्धास,


बालगृहातल्या एका विशेष मुलाला प्रतिपालक म्हणून घरी आणायचं, असं तू आणि निखिल ठरवत आहात हे कळलं. तुझ्या आईला काळजी लागून राहिली आहे, निखिलच्या वडिलांना कौतुक वाटतंय, आणि या योजनेत नेमकं काय असतं हे दोघांनाही माहीत नाही. म्हणून काळजी आणि कौतुक दोन्ही बाजूला ठेवून हे काम रोजच्या रोज कसं चालतं, तेवढंच लिहिते आहे.

आधी दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतली गल्लत दूर करू. दत्तक मूल नाव-वारशासकट कायमचं त्या घराचं होतं. मूळचे इंदूरचे आणि पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करणारे आदित्य तिवारी यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला १ जानेवारी २०१६ रोजी घरी आणलं, ते दत्तक म्हणून. अविवाहित पुरुषासाठी त्याआधी किमान वयाची अट तीस वर्षांची होती आणि तिवारी त्याहून लहान होते. २०१५ मध्ये अट पंचविसावर आली, तोवर त्यांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले.

प्रतिपालकांचं तसं नसतं. मूल त्यांच्या घरात राहतं, जेवतं, शाळेत जातं, पण त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द बाल कल्याण समितीचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये आणि त्याखालच्या नियमांत हे सगळं बांधून दिलं आहे. मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही प्रतिपालकांची जबाबदारी. समितीने दर महिन्याला घराची पाहणी करायची. मुलाच्या हिताला बाधा येणार नसेल, तर त्याचे जन्मदाते ठरावीक काळाने येऊन त्याला भेटू शकतात. भावंडं असतील तर शक्यतो त्यांची ताटातूट करायची नाही. मुदत वर्षभराच्या आतली असली तर ती अल्पकालीन, त्याहून अधिक असली तर दीर्घकालीन, आणि समितीला वाटलं तर ती अठराव्या वर्षापर्यंत वाढते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही, म्हणजे अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटितांनाही, ही वाट मोकळी केली आणि प्रतिपालकांना मूल दत्तक मागण्यासाठीची पाच वर्षांची अट दोनवर आणली.

ज्यांना पुढे दत्तकच हवं असतं, ते या दोन वर्षांकडे दत्तकाचा आडमार्ग म्हणून बघतात. तसं बघू नये. दोन वर्षांत मुलाची आई बरी होऊन दारात उभी राहू शकते. त्या दिवशी मुलाची पिशवी भरून देता येईल का, याचं उत्तर अर्ज भरतानाच स्वतःला द्यायला हवं.

आता मुलाकडे वळू. या योजनेत साधारण सहा वर्षांवरची मुलं येतात: ज्यांना भेटायला कुणी येत नाही, ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ ठरलेत, किंवा ज्यांना दत्तक घर मिळणं अवघड आहे अशी. या शेवटच्या गटात विशेष मुलं बरीच. म्हणजे घरी येणाऱ्या मुलाच्या पाठीशी दोन ओझी असतात, एक त्याच्या शरीराचं किंवा मेंदूचं आणि दुसरं सहा-आठ वर्षं कुणाचंच नसल्याचं. पुष्कळ घरं पहिल्याची तयारी करतात आणि दुसऱ्यापाशी येऊन अडखळतात.

बालगृहात पाहुणे गेले की एखादं मूल धावत येऊन मांडीवर बसतं, गळ्यात हात टाकतं आणि 'मला घेऊन चला' म्हणतं. तुमच्या बाबतीत तेच झालं. पाहुण्यांना वाटतं, ऋणानुबंध जुळला! पण संस्थेत वाढलेली काही मुलं भेटेल त्या माणसाला अशीच बिलगतात, कारण आपला कोण आणि परका कोण हे ओळखायची संधीच त्यांना कधी मिळालेली नसते. हेच मूल घरी आल्यावर सोसायटीच्या वॉचमनचा किंवा भाजीवाल्याचा हात धरून निघून जाऊ शकतं. याउलट, घरातल्या माणसापाशी मात्र ते महिनोन् महिने कोरडं राहतं. पोळ्या गादीखाली लपवतं, खेळणी मोडतं, रात्री उठून दार उघडं आहे का बघतं. त्यात कृतघ्नपणा नसतो. हे घरसुद्धा सुटणार का, याची ते चाचपणी करत असतं.

अशा मुलाला आधार देणारं घर मिळालं तर काय होतं, याचा एक काटेकोर अभ्यास रुमानियात झाला. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पुढच्या काळात नकोशा मुलांनी सरकारी अनाथालयं भरून गेली, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर तिथली दुर्दशा जगापुढे आली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधली १३६ लहान मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी प्रतिपालकांकडे गेली, निम्मी संस्थेतल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात बुद्धिगुणांकाची सरासरी घरी गेलेल्यांत ८१, तर मागे राहिलेल्यांत ७३ निघाली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. जन्मजात गंभीर आजार असलेली मुलं या अभ्यासात घेतली नव्हती, तेव्हा हे आकडे कुठल्याही मुलाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या प्रतिपालकांना मूल देऊन मोकळं सोडलं नव्हतं. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या त्यांच्याकडे सतत येत-जात होत्या. मुलं सावरली ती नुसत्या मायेने नाही, मायेमागे उभ्या केलेल्या व्यवस्थेनेही.

म्हणून दरमहा पाहणीला कार्यकर्ती आली की चहा पाजून 'सगळं छान आहे' म्हणत तिला वाटेला लावायचं नाही. जे छान नाही ते तिला त्याच दिवशी सांगायचं.

विशेष मुलाचं घर चालतं ते दिनक्रमावर. स्वमग्न मुलाला कुकरची शिट्टी किंवा मिक्सरची घरघर पुष्कळदा सहन होत नाही. तेव्हा 'आता शिट्टी होणार' हे आधी सांगणं, नाही तर ओट्यापासून दूरची खोली त्याची ठरवणं, हे प्रतिपालकांचं काम. गणपतीत दारावरून ढोल-ताशा जाणार असेल तर चार दिवस आधीच ठरवावं की त्या संध्याकाळी ते मूल कुठे असेल. पुढे काय होणार हे चित्रांतून दाखवलं (ब्रश, आंघोळ, डबा, रिक्षा) तर बरंच रडणं टळतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं ठेवून भरवायचं नाही, कारण घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. त्याला आधार देऊन ताठ बसवायचं, घास लहान घ्यायचा, आणि जेवायला पाऊण तास लागणार हे धरूनच ऑफिसची वेळ ठरवायची. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. टू-डी इको झाला आहे का हे कागदांत पाहावं आणि थायरॉइडची तपासणी नियमाने करावी. फिट येणाऱ्या मुलाच्या औषधाची एक वेळही चुकवायची नाही. फिट आलीच तर कांदा, चप्पल, चमचा यांतलं काहीही नको. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

हे वाचून डोकं गरगरलं तर नवल नाही. पण एकाच मुलात हे सगळं नसतं, आणि एका मुलाचं जे असतं ते दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. कठीण जातं ते सातत्य. पाहुणे आलेत, स्वतःला ताप आहे, नवरा दौऱ्यावर आहे, तरी सकाळचा व्यायाम आणि रात्रीचं औषध चुकत नाही. त्यामुळे 'आम्हाला मुलं फार आवडतात' या उत्तरापेक्षा 'मंगळवारी सकाळी आठ वाजता घरात कोण असतं' या प्रश्नाचं उत्तर अर्जदाराबद्दल जास्त सांगून जातं.

पैशांबद्दल बोलायला लाजू नये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४००० रुपये आहेत. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनाही आहे. तिच्यातली मदत दरमहा २२५० रुपये आहे. कुठली मदत कुठल्या मुलाला लागू होते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि एकदा स्पीच थेरपी धरली तर शहरात ही रक्कम पुरत नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र माहीत करून घ्यावं. मुलाचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, पहिल्याच महिन्यात काढायला घ्यावं, कारण पुढच्या बऱ्याचशा सवलती त्याला जोडलेल्या आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावी. उद्या मूल दुसऱ्या घरी गेलं तर त्याच्याबरोबर जाणारी सर्वांत मोलाची वस्तू ही फाइलच असते.

एक बंधन मात्र घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं. या मुलाचा फोटो स्टेटसवर ठेवायचा नाही, त्याची कहाणी कौटुंबिक ग्रुपवर टाकायची नाही. देखभालीखालच्या मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कौतुकाने फोटो टाकणाऱ्या आत्याबाईंना हे ठामपणे सांगावं लागेल.

अठराव्या वर्षाचा विचार आत्ताच करायला हवा. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं, वाढवलं, कित्येकांची लग्नं लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली, दृष्टिहीन असलेली माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा पास झाली. ही बातमी सगळ्यांनी वाचली. शंकरबाबांची वर्षानुवर्षांची मागणी मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली: अनाथ दिव्यांग मुलाला अठरा पूर्ण झाली म्हणून संस्थेतून बाहेर काढू नका, त्याच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, सोय एकविसाव्या आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला माणूस तेविसाव्या वर्षी एकाएकी स्वतंत्र होत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेण्याची तरतूद आहे. दीर्घकालीन प्रतिपालकत्व घेणाऱ्यांनी ती समजून घ्यावी, आणि आपल्या माघारी कोण, हे नाव घरात बोलून ठेवावं.

राहता राहिला तुमचा मुलगा ओजस. घरातल्या मुलाला 'तू शहाणा ना, तू सांभाळून घे' म्हणणं फार सोपं असतं. नऊ वर्षांच्या मुलाने कुणाची आई व्हायचं कारण नाही. त्याला राग यायची मोकळीक हवी, त्याची वही फाटली तर नवी मिळायला हवी, आणि आठवड्यातला काही वेळ फक्त त्याचा हवा. नव्या मुलाचं वय त्याच्यापेक्षा कमी असावं असं बरेच अनुभवी कार्यकर्ते सुचवतात. त्यावर आग्रह धरायला हरकत नाही.

तुमची गृहभेट व्हायची आहे. तेव्हा कार्यकर्ती तुम्हाला प्रश्न विचारेल, तसेच तुम्हीही तिला विचारा. मुलाला कोणती औषधं चालू आहेत आणि शेवटचा डोस कधी बदलला? ते झोपतं कधी आणि झोपताना कुणाला हाक मारतं? त्याला भावंडं आहेत का, आणि ती कुठे आहेत? जन्मदात्यांपैकी कुणी संपर्कात आहे का? याआधी दुसऱ्या घरी पाठवलं होतं का, आणि ते परत का आलं? रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा? बालकांची हेल्पलाइन १०९८ आहेच, पण त्या मुलाला नावाने ओळखणाऱ्या माणसाचा नंबर हवा. उत्तरं लिहून घ्या. आठवडाभर ती घरात वाचली जाऊ देत, तुझ्या आईलाही दाखव. निखिल आणि तू एकमेकांशी सहमत नसाल तर तेही कार्यकर्तीला सांगा, त्याने अर्ज बाद होत नाही. मग काय ठरतं ते कळव.

तुझी,
मालूमावशी