फ्रँकोनिया रिजचा फेरा : चढ कोणत्या बाजूने?

प्रश्न : न्यू हॅम्पशायरमधील फ्रँकोनिया रिजचा फेरा धावताना कोणत्या वाटेने चढावे?

उत्तर : फॉलिंग वॉटर्सच्या वाटेने चढावे आणि ओल्ड ब्राइडल पाथने उतरावे. फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्कमधून सुरू होणारा हा फेरा सुमारे १४ किलोमीटरचा असून एकूण चढ जवळपास १,२०० मीटर भरतो. फॉलिंग वॉटर्सची वाट धबधब्यांना लागून जाते, ओढा ओलांडते. तिथले ओले, गुळगुळीत खडक चढताना हाताच्या आधाराने सहज पार होतात. उतरताना मात्र थकलेल्या मांड्यांना वेग आवरत नाही आणि पाय सटकतो. चढावर तर बहुतेकांनी झपाझप चालणेच शहाणपणाचे.

लिटल हेस्टॅक शिखराला झाडी संपते. तिथून लिंकन शिखरामार्गे सुमारे १,६०० मीटर उंचीच्या लाफायेट शिखरापर्यंतची पावणेतीन किलोमीटरची धार पूर्ण उघडी आहे. खाली वारा पडलेला असला तरी वर तो झोडपून काढतो, म्हणून उन्हाळ्यातही वारारोधक जाकीट हवेच. गडगडाट ऐकू आला तर धारेवर जाऊच नये. आडोसा कुठेच नाही.

धारेवरची वनस्पती बोटभर उंचीची आणि फार हळू वाढणारी. बुटाखाली चिरडली तर भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे पाऊल फक्त दगडावर पडावे. समोरून कोणी आल्यास दगडावरच थांबून वाट द्यावी. लाफायेटखाली ग्रीनलीफ हटमध्ये हंगामात पाणी मिळते. त्यापुढचा उतारही खडकाळच आहे.