खाशाबा जाधव : पदकाच्या आधीचा पाठ



१५ जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या शाळेत त्या दिवशी परिपाठात दोन-तीन मुलं भाषण करतात. भाषण साधारण ठरलेलं असतं: जन्म गोळेश्वर, हेलसिंकी ऑलिंपिक, कांस्यपदक, बैलगाड्यांची मिरवणूक, धन्यवाद. एकदा भाषण झाल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, ते लंडनला सहावे आले होते ना, तेव्हापण मिरवणूक निघाली होती का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "अरे, मिरवणूक पदकाची निघते, सहाव्या नंबराची नाही," एवढंच बोललो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. खाशाबांची गोष्ट आपण पदकापासून सुरू करतो. शिक्षक आणि पालक म्हणून आपल्या कामाचा भाग मात्र पदकाच्या आधीचाच आहे. म्हणून हा पाठ त्या बाजूने मांडतो आहे.

घर, तालीम आणि शाळा

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच होती. कृष्णा-कोयनेच्या या पट्ट्यात गावोगावी तालीम असते आणि यात्रेला कुस्तीचा फड भरतोच. पोरगं चालायला लागलं की आखाड्याच्या कडेला बसतं आणि डाव बघत बघत मोठं होतं.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. कुस्ती खेळायची म्हणून शाळा सोडली, असं झालं नाही. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेलं हे शहर, पैलवानांची पंढरीच. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. अंगाने ते थोराड नव्हते. त्यांचं बळ चपळाईत आणि डावांच्या अभ्यासात होतं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि त्याला झटक्यात फिरवून खाली आणायचं.

कॉलेजातली एक गोष्ट सांगितली जाते. वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची लहानखुरी शरीरयष्टी बघून नाव घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी खेळू द्यायला सांगितलं आणि त्यांनी आपल्याहून दांडग्या पैलवानांना पाडलं.

ही गोष्ट मी मुलांना सांगतो तेव्हा मुलं हसतात. मला मात्र दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. एका वर्षी कबड्डीच्या संघातून मीही एका बारक्या मुलाचं नाव असंच खोडलं होतं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो. पुढच्या वर्षी तो नाव द्यायला आलाच नाही. तो मुख्याध्यापकांकडे गेला नाही, कारण सगळी मुलं जात नाहीत.

लंडन १९४८ : सहावा क्रमांक

लखनौच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांनी बंगालच्या निरंजन दास यांना हरवलं आणि लंडनचा रस्ता मोकळा झाला. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. तिथे ५२ किलो गटात ते उतरले.

इथे मुलांना माती आणि गादी यातला फरक समजावून सांगायला हवा, नाहीतर सहाव्या क्रमांकाची किंमत कळत नाही. मातीच्या कुस्तीत निकाल एकच, समोरच्याची पाठ जमिनीला लावून चीतपट करायचं. गुणांचा हिशेब नसतो, आणि जोड तुल्यबळ असली की कुस्ती लांबत जाते. मातीत पायाला पकड मिळते, अंगाला माती लावली की घामाने हात निसटत नाही. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर. वेळ ठरलेली, कोणी चीत झालं नाही तर पंच निकाल देणार, पायाखालचा पृष्ठभाग वेगळा. म्हणजे आयुष्यभर नदीत पोहलेल्या मुलाला एकदम तरणतलावाच्या शर्यतीत उभं करावं, तसं हे होतं.

लंडनला अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केलं. ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना खाशाबांनी हरवलं, इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते हरले. शेवटी सहावा क्रमांक. पदक नाही. पण आपण कुठे कमी पडलो ते नेमकं कळलं होतं, आणि पुढची चार वर्षं त्यांनी त्यावर घालवली.

हेलसिंकीच्या वाटेवर

१९५२ ची वाटसुद्धा सरळ नव्हती. निवडीत आपल्यावर अन्याय झाला, अशी दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली.

मग पैशाचा प्रश्न. त्या काळी खेळाडूला प्रवासखर्चाची जुळवाजुळव स्वतःच करावी लागे. गावाने वर्गणी काढली, ओळखीच्यांनी जमेल ते दिलं. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

इथे मी वर्गात थांबतो. मुलांना विचारतो, "खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं तेव्हा खाशाबांकडे काय होतं?" उत्तर यायला वेळ लागतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "सहावा नंबर." बरोबर. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या सहाव्या क्रमांकावर आपलं घर लावलं होतं.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात खेळले. कॅनडाचे आद्रियाँ पोलिक्विन आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांच्यावर त्यांनी मात केली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी कुस्ती खूप लांबली आणि ती ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव यांच्यासमोर उभं राहावं लागलं, आणि त्यांची बाजू मांडायला कोणी भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. तीही कुस्ती गेली. इशींना सुवर्ण, ममादबेयोवना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं.

मिरवणूक मग निघालीच. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्या. परत आल्यावर खाशाबा कुस्त्या खेळले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं, असं सांगितलं जातं. मुलांना मिरवणूक आवडते, पण पाठ म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

पदकानंतर

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. नंतरचे दिवस सोपे नव्हते, निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं.

हा भाग सांगताना मुलांना फक्त हळहळ वाटू देऊ नका. "आपण त्यांना लवकर का ओळखलं नाही?" हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. मोठी मुलं यावर छान बोलतात.

वर्गात आणि घरी करून बघा

१. भूगोल : नकाशावर कराड, कोल्हापूर, लखनौ, लंडन आणि हेलसिंकी शोधून जोडा.

२. गणित : लंडन आणि हेलसिंकी यात किती वर्षं? १९५२ ते १९९६ किती? लंडन आणि हेलसिंकीच्या वेळी खाशाबांचं वय किती?

३. खेळ : जवळच्या तालमीत मुलांना घेऊन जा. वस्तादांकडून ढाक, एकलंगी, पट हे डाव बघा. माती आणि गादीचा फरक त्यांनाच विचारा.

४. भाषा : लंडनहून सहावा क्रमांक घेऊन परतणाऱ्या खाशाबांना पत्र लिहा. फक्त १९४८ मध्ये बसून लिहायचं, पुढे पदक मिळणार आहे हे आपल्याला माहीत नाही.

शेवटचा उपक्रम पालकांनीही मुलांबरोबर करावा. पदक माहीत नसताना लिहायला बसलं की पेन अडतं. "पुढच्या वेळी जास्त मेहनत कर" याच्यापलीकडे शब्द सुचत नाहीत. आपल्या पोराचा निकाल हातात येतो तेव्हाही आपलं असंच होतं, कारण पुढचं काही आपल्याला दिसत नसतं.

त्या मुलाला मी नंतर नीट उत्तर दिलं. म्हणालो, "सहाव्या नंबराची मिरवणूक निघत नाही बाळा, पण त्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस लागतं." यंदा कबड्डीच्या संघाची नावं घेताना कोणाचंही नाव मी आधी खोडलं नाही. सगळ्यांना आठ दिवस मैदानावर खेळू दिलं, मग निवड केली.