विस्मृती आणि उजळणी

सोमवारी तिसरीच्या वर्गात सातचा पाढा पाठ झाला. मुलांनी तो एका सुरात तीनदा म्हटला, तेव्हा एकही मूल अडखळले नाही. गुरुजी समाधानाने घरी गेले. पुढील सोमवारी त्यांनी सहज विचारले, "सात आठे किती?" आणि निम्मा वर्ग खाली पाहू लागला. हा अनुभव ज्यास आला नाही असा शिक्षक विरळाच. अशा वेळी आपल्या तोंडून चटकन उद्गार निघतो, "मागच्या आठवड्यात तर येत होते! लक्ष कोठे असते तुमचे?" विसरणे हा मुलाचा दोष आहे, असे या उद्गारात आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, आणि ते खरे नसेल तर आपल्या अध्यापनात कोणता पालट करावयास हवा, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. विस्मृतीचे मापन

स्मृतीसारख्या अदृश्य गोष्टीचेही प्रयोगाने मापन करता येते, हे प्रथम दाखवून देण्याचे श्रेय हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञास दिले जाते. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्याने प्रयोग केले ते स्वतःवरच. पूर्वीच्या ज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक शब्दांश तयार केले, त्यांच्या माळा बनविल्या व त्या घड्याळाच्या ठेक्यावर वाचून पाठ केल्या. काही काळ लोटल्यावर तीच माळ पुन्हा पाठ करावयास किती वेळ लागतो, हे तो मोजीत असे. पहिल्या खेपेपेक्षा जो वेळ वाचला, ती स्मृतीची 'बचत'. समजा, प्रथम शंभर पळे लागली आणि दुसऱ्या दिवशी सहासष्ट पळांतच काम झाले, तर बचत शेकडा ३४ झाली.

त्यास आढळले ते असे : वीस मिनिटांनंतर बचत शेकडा ५८ होती, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४, सहा दिवसांनंतर २५ आणि एकतीस दिवसांनंतर २१. आपल्या विद्यार्थ्यांस हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ते एका प्रौढ माणसाचे व निरर्थक शब्दांशांचे आहेत. परंतु २०१५ साली अॅम्स्टरडॅम येथील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा विस्मृतीची रेषा बहुतांशी तशीच उतरलेली दिसली.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, विस्मृतीचा वेग आरंभी फार असतो व पुढे तो मंदावतो. म्हणजे पाठ झाल्यानंतरचे पहिले काही तास व पहिला दिवस हाच जपण्याचा काळ होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. महिना लोटल्यावरही बचत शून्यावर आली नाही. माळ तोंडाने म्हणता येत नसतानाही मनात काहीतरी शिल्लक होते. आठवत नाही म्हणजे उरले नाही, असे नव्हे.

२. आवृत्त्या किती आणि केव्हा

याच प्रयोगमालेत बारा शब्दांशांच्या माळांवर एक निराळी परीक्षा घेतली गेली. एकाच दिवशी लागोपाठ ६८ आवृत्त्या केल्याने जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधला. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेच. आपल्या घरांतील परवचा या दृष्टीने पाहावा. रोज दिवेलागणीला थोडेथोडे म्हणण्याच्या त्या रीतीत विभागलेल्या आवृत्तीचे तत्त्व आपोआप साधले जात होते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळी उजळणी उरकण्याची आपली सवय मात्र नेमकी याच्या उलट आहे.

अर्थाचे बळही त्याने पारखले. कवी बायरन याच्या काव्यातील कडवी पाठ करावयास त्यास तितक्याच लांबीच्या निरर्थक माळेच्या सुमारे एकदशांश श्रम पुरले. म्हणून पाढा म्हणावयास लावण्यापूर्वी चिंचोक्यांच्या सात-सातांच्या आठ ओळी मांडून दाखवाव्या. ज्यास अर्थ आहे, ते मनात लवकर रुजते.

३. वाचणे आणि आठवणे

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. काहींनी एक उतारा दोनदा अभ्यासला. इतरांनी तो एकदा अभ्यासला व दुसऱ्या खेपेस न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांस उताऱ्यातील शेकडा ४२ भाग आठवला व आठवून लिहिणाऱ्यांस ५६. म्हणजे आठवण्याचा प्रयत्न हे केवळ परीक्षेचे साधन नसून स्वतःच एक अध्ययन आहे.

वर्गाने एका सुरात पाढा म्हणताना चार मुले आठवतात व बाकीची त्यांच्यामागून सूर ओढतात. शिवाय क्रमाने पाठ केलेले मूल 'सात आठे' सांगण्यासाठी 'सात एके' पासून निघते. म्हणून क्रम मोडून विचारावे, आणि प्रत्येकास आपापल्या पाटीवर उत्तर लिहू द्यावे.

४. वर्गातील योजना

नवा पाठ झाला की त्याच दिवशी शाळा सुटण्यापूर्वी पाच मिनिटे, दुसऱ्या दिवशी आरंभी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठवड्यानंतर व महिन्यानंतर, अशी त्याची उजळणी ठेवावी. हे दिवस काटेकोर नव्हेत. हळूहळू वाढणारे अंतर एवढेच त्यातील तत्त्व. द्विशिक्षकी शाळेत एका इयत्तेस शिकविताना दुसरीने कालचा पाठ पुस्तक मिटून पाटीवर लिहावा व मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावा. चूक सापडली तर ती तेथेच दुरुस्त व्हावी. चुकीची शिक्षा नसावी. भयाने मन व्यापले की येणारे उत्तरही ओठांवर येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहेच, परंतु कायदा नसता तरी मानसशास्त्राने हेच सांगितले असते.

५. परत आलेले मूल

दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेली मुले चैत्राच्या आसपास गावी परततात. वर्ग पुढे गेलेला असतो. मुलास जोडाक्षरे वाचता येत नाहीत, हातच्याची वजाबाकी जमत नाही. आपण मनाशी म्हणतो, "याचे सारे गेले," आणि त्यास मागच्या कोपऱ्यात बसवितो. थोड्याच दिवसांत तेही स्वतःविषयी तेच म्हणू लागते, आणि पुढल्या हंगामानंतर कदाचित ते शाळेत येतच नाही.

येथे बचतीचे तत्त्व आपल्या उपयोगी पडते. जे मूल एकदा वाचावयास शिकले होते, ते अगदी पहिल्या पायरीवर नसते. मागील पाठ पुन्हा हाती दिले तर प्रथम लागला त्याहून थोड्या वेळात ते पुष्कळसे परत मिळविते. म्हणून आल्या दिवशी "काय विसरलास?" असे न विचारता जुने पुस्तक त्याच्यापुढे ठेवावे, रोज थोडा वेळ शेजारी बसावे, आणि आठवडाभराने ते किती पुढे आले याची नोंद करावी. ती नोंद मुलासही दाखवावी. आपण विसरलो तरी आपले सारे बुडाले नाही, हा विश्वास त्यास शाळेत टिकवून धरील.

विसरणे हा मनाचा धर्म आहे, आणि योग्य वेळी आठवण करून देणे हा शिक्षकाचा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात गेल्या महिन्यात शिकविलेल्या एका पाठाची उजळणी किती वेळा व कोणत्या अंतराने झाली?
२. पाढे क्रम मोडून विचारल्यास किती मुलांस उत्तर देता येते, हे पाहून केंद्राच्या बैठकीत सांगावे.
३. स्थलांतराहून परतलेल्या एका मुलाची पंधरा दिवसांची प्रगती नोंदवून तिच्यावर विचार करावा.