सुरीच्या चाचणीत निर्दोष, ताऱ्यावर मात्र लांबट

प्रश्न : मी घरी घासलेला १५० मिमीचा, एफ/८ आरसा फूको चाचणीत गुळगुळीत दिसतो. तरी दुर्बिणीतून तारा ठिपक्यासारखा न दिसता क्रॉससारखा का दिसतो?

उत्तर : हे अॅस्टिग्मॅटिझमचं लक्षण आहे. आरशाची वक्रता दोन काटकोनी दिशांत किंचित वेगळी झाली की हा दोष येतो. फूकोची सुरी एका वेळी एकाच दिशेतला उतार दाखवते, म्हणून तो सहज निसटतो. तुमच्या चाचणीत चूक झाली असं समजू नका.

वक्रताकेंद्राशी, म्हणजे आरशापासून सुमारे २४०० मिमीवर, फॉइलला सुईनं पाडलेलं बारीक छिद्र मागून उजळा आणि त्याची प्रतिमा आयपीसमधून पाहा. छिद्र आणि आयपीस अगदी शेजारी हवेत. अंतर वाढलं तर त्यानेच खोटा अॅस्टिग्मॅटिझम दिसतो. आयपीस नाभीच्या आत-बाहेर सरकवा. लंबगोल दिसला आणि नाभी ओलांडताच ९० अंशांनी आडवा झाला, तर दोष नक्की.

पण दोष कुणाचा? आरसा स्टँडमध्ये पाव फेरा फिरवा. लंबगोलही फिरला तर दोष काचेत. जागीच राहिला तर काच दाबणारा स्टँड तपासा. डोकं कलतं केल्यावर लंबगोल कलला तर दोष तुमच्या डोळ्याचा. हे सगळं ठीक निघालं तर दुर्बिणीतला दुय्यम आरसा सपाट आहे का, ते बघा.

काचेतच दोष असेल तर पॉलिशने तो झाकायच्या फंदात पडू नका. बारीक घासणीवर परत जा आणि दर काही हातांनंतर आरसा व टूल दोन्ही फिरवत राहा.